दुःखाचे कोडे आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मय

ईश्वर सर्वशक्तिमान आहे. ईश्वर परमदयाळू आहे. आणि तरीही निरपराध माणसे दुःख भोगतात. ही तीन विधाने एकत्र कशी नांदावीत, हा धर्मविचारातील अतिशय जुना प्रश्न होय. आपल्याकडील कर्मसिद्धान्ताने त्याला एक उत्तर दिले : आजचे दुःख हे पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ. एकच जन्म मानणाऱ्या ख्रिस्ती धर्माला हे उत्तर उपलब्ध नव्हते. त्यामुळे तेथे प्रश्नाची धार अधिकच तीव्र झाली. १७१० साली लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने ईश्वराच्या न्यायाचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला. पुढे १ नोव्हेंबर १७५५ या दिवशी, सर्व संतांच्या सणाला, चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाच लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, आणि व्हॉल्तेअरने १७५९ च्या आपल्या 'कांदीद' या कथेत त्या समर्थनाची यथेच्छ थट्टा केली. युरोपात हा वाद आजतागायत चालू आहे.

हा इतिहास तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतून सर्वत्र आढळतो. परंतु हाच प्रश्न मराठी बोलणाऱ्या माणसांनी, मराठी मुलखातील दुष्काळ, प्लेग आणि वैधव्य यांना तोंड देत असता कसा सोडविला, याकडे आमच्या वाङ्मयेतिहासाचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. पंडिता रमाबाई आणि टिळक दांपत्य यांच्याविषयी आपण बोलतो ते समाजसुधारणेच्या किंवा काव्याच्या प्रकरणात. त्यांच्या धर्मविचाराचा प्रश्न आला की आपण थोडे अवघडतो आणि पुढे सरकतो. प्रस्तुत लेखात तो अवघडलेपणा बाजूस ठेवून आम्ही एवढेच पाहणार आहोत की, दुःखाच्या कोड्याला या मंडळींनी काय उत्तर दिले. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : त्यांनी या प्रश्नाला तार्किक उत्तर दिले नाही, त्यांनी प्रश्नच बदलला. 'हे दुःख का आले?' या जागी 'दुःखिताजवळ कोण उभा आहे?' हा प्रश्न त्यांनी ठेवला. या बदलाचे मोल मोठे आहे, आणि त्यातील धोकाही लहान नाही.

मराठी भाषेत ख्रिस्ती धर्माची पहिली मोठी वाङ्मयीन कृती म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण'. इंग्लंडमध्ये जन्मलेले हे जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत याच भूमीत राहिले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण १६१६ साली गोव्यात, रायतूर येथे छापले गेले. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र, त्याच्या यातना आणि क्रूसावरील मरण आहे. संस्कृतप्रचुर नव्हे, तर ओवीच्या घरगुती चालीवर हा ग्रंथ रचलेला असल्यामुळे नवख्रिस्ती गोवेकरांना तो आपल्या जुन्या पुराणांची उणीव भरून काढणारा वाटला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यात महत्त्वाची गोष्ट कोणती? आपल्या पुराणांतील देव दुःख निवारण करण्यासाठी अवतार घेतो. तो असुरांचा संहार करतो आणि भक्तास सोडवितो. 'क्रिस्तपुराणा'तील देव मात्र स्वतःच दुःख भोगतो, अपमानित होतो, चोरांच्या मध्ये टांगला जाऊन मरतो. पुराणश्रवणाची सवय असलेल्या मराठी कानांना ही कल्पना सर्वस्वी नवी होती. सीतेचा वनवास आणि हरिश्चंद्राचे हाल ऐकून डोळे पुसणाऱ्या श्रोत्यांना दुःखाची कथा अपरिचित नव्हती. परंतु सत्त्वपरीक्षा घेणारा आणि ती देणारा एकच, ही गोष्ट अपूर्व होती.

येथेच इतिहासाने एक कटू विरोधाभास आमच्यापुढे ठेवला आहे. ज्या साष्टी प्रांतात हे पुराण गायिले गेले, तेथील कुंकळ्ळी गावी १५८३ साली पाच जेझुइट मारले गेले, आणि त्याचा सूड म्हणून गावच्या गावकऱ्यांना पोर्तुगीज सत्तेने ठार केले. १५६० साली गोव्यात आलेले धर्मन्यायपीठ, ज्याला आपण 'इन्क्विझिशन' म्हणून ओळखतो, मध्यंतरीचा अल्प खंड सोडता १८१२ पर्यंत टिकले. क्रूसावरील यातनांची कथा सांगणारा धर्म येथे दुसऱ्यांना यातना देणाऱ्या सत्तेच्या आश्रयाने नांदत होता. दुःख भोगणाऱ्या देवाची कथा सुंदर असली, तरी ती सांगणाऱ्याच्या हाती तलवार असेल तर ऐकणाऱ्याच्या मनात ती कशी उतरावी? हा प्रश्न पुढील तीनशे वर्षांत निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा उभा राहतो.

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती विचार मराठीत आला तो मुंबई इलाख्यातील मिशनऱ्यांच्या शाळा, छापखाने आणि वादविवाद यांच्या द्वारे. १८३१ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचे जाहीर वाद गाजले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घातले. १८४२ साली 'ज्ञानोदय' सुरू झाला. अशा खंडनमंडनात दुःख हा अनुभव राहत नाही, तो वादातील एक मुद्दा बनतो. कर्मविपाक खरा की आदिपाप खरे, या प्रश्नाची चर्चा विद्वान करीत राहिले, तरी उपाशी माणसाला त्याचा उपयोग नव्हता. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटना'त मात्र वेगळा सूर ऐकू येतो. त्यातील यमुना हिंडते आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या व्यथा ऐकते. सिद्धान्ताकडून माणसाकडे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे तोंड वळले ते येथे. त्या पुस्तकात प्रचाराचा हेतू उघड आहे, हे मान्य करूनही ही गोष्ट नाकारता येत नाही.

आता आपण या लेखाच्या मध्यवर्ती व्यक्तीकडे वळू. रमाबाई डोंगरे यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैदिक परंपरेचे निष्ठावंत पंडित. पण पत्नीला संस्कृत शिकविण्याच्या हट्टापायी त्यांनी लोकनिंदा पत्करली होती. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत देशभर हिंडले. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा हातचे द्रव्य दानधर्मात व देवकार्यात संपलेले होते. व्रते, जपजाप्य, प्रदक्षिणा, ब्राह्मणभोजने यांत काहीही उणे ठेवलेले नव्हते. तरीही अन्न मिळाले नाही. झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. वडील गेले. त्यांच्या मागोमाग आई गेली. थोड्याच काळात थोरली बहीण पटकीने गेली.

आईच्या अंत्ययात्रेचे वर्णन रमाबाईंनी केले आहे. खांदा द्यावयास मोठ्या प्रयासाने दोन ब्राह्मण मिळाले. तिसरा भाऊ श्रीनिवास. चौथे कोणी मिळेना म्हणून रमाबाईच पुढे झाल्या. त्यांची उंची कमी पडत असल्याने तिरडीचे टोक खांद्यावर न घेता त्यांना ते डोक्यावर घ्यावे लागले. त्यानंतर बहीणभाऊ, त्यांच्याच हिशेबाने, चार हजार मैलांहून अधिक पायी चालले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्री काढल्या. १८७८ साली ही दोघे कलकत्त्यास पोचली आणि तेथील विद्वानांनी या तरुण मुलीला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परंतु दुःखाचा ओघ थांबला नव्हता. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेला. चोविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी ही स्त्री आईबाप, बहीण, भाऊ आणि नवरा या सर्वांना गमावून बसली होती.

अशा आयुष्यात श्रद्धा उरते कशी? येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. रमाबाईंची पहिली श्रद्धा दुःखानेच नाहीशी केली. आईवडिलांनी देवाच्या सेवेत काही कमी केले नव्हते, आणि तरीही ते अन्नान्न करीत मेले. हा हिशेब त्यांच्या मनाला कधीच जुळला नाही. म्हणजे दुःखाच्या कोड्याने नास्तिक झालेल्या एखाद्या युरोपीय विचारवंताच्या स्थानी त्या काही काळ उभ्या होत्या. तेथून त्या दुसऱ्या श्रद्धेकडे वळल्या खऱ्या. परंतु तिने त्यांना अधिक चांगले स्पष्टीकरण दिले म्हणून नव्हे.

१८८३ साली वैद्यकाचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. वाढत्या बहिरेपणामुळे ती इच्छा सफळ झाली नाही. हे आणखी एक दुःख. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रयाला त्या राहिल्या. या भगिनी लंडनजवळ फुलहॅम येथे पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक गृह चालवीत. ते पाहून रमाबाईंचे मन हलले. अशा स्त्रियांची एवढ्या मायेने कोणी काळजी घ्यावी, ही त्यांना नवलाची गोष्ट वाटली. असे का करता, हे त्यांनी विचारले तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील, विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. 'साक्ष' म्हणून १९०७ साली त्यांनी लिहिलेल्या आत्मनिवेदनात हा प्रसंग येतो, आणि तो वाचताना जाणवते की येथे दुःखाच्या कारणाची मीमांसा कोठेच नाही. रमाबाईंना पटली ती एक कृती. मग त्या कृतीमागे कोण आहे, याचा शोध त्यांनी घेतला.

हा बाप्तिस्मा म्हणजे बुद्धीची शरणागती नव्हती. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे जे वाद झाले, ते पत्रव्यवहाराच्या रूपाने उपलब्ध आहेत. धर्मसंस्थेच्या अधिकारापुढे त्यांनी मान तुकविली नाही. ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला, पण ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे लागली, असेही त्यांनी पुढे कबूल केले आहे.

१८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री' या इंग्रजी ग्रंथात रमाबाईंनी विधवेच्या स्थितीचे जे वर्णन केले आहे, त्यात आमच्या प्रश्नाची किल्ली आहे. वैधव्य हे पूर्वजन्मीच्या घोर पापाचे फळ मानले जाई. त्यामुळे नवरा गेलेल्या मुलीच्या वाट्याला दोन दुःखे येत : एक नवरा गेल्याचे, आणि दुसरे, त्याला आपणच कारण असल्याचे. केशवपन, एकभुक्तता, अशुभ म्हणून टाळले जाणे, हे सर्व त्या दुसऱ्या दुःखाचे परिणाम. येथे दुःखाचे स्पष्टीकरण हेच दुःखाचे सर्वांत जड ओझे झाले होते. सासू सुनेला 'माझ्या मुलाला खाल्लेस' म्हणते, तेव्हा ती क्रूर असते असे नाही. ती स्वतःच्या पुत्रशोकाचे कारण शोधीत असते, आणि ते परंपरेने तिच्या हाती आयते दिलेले असते.

परंतु न्यायाने बोलावयाचे तर असे स्पष्टीकरण देण्याचा दोष केवळ एका परंपरेचा नाही. बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाची कथा पाहावी. सर्वस्व गमावून राखेत बसलेल्या ईयोबाकडे त्याचे मित्र येतात. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने बसतात, आणि तेवढेच त्यांचे शहाणपण. पुढे ते बोलू लागतात आणि तू काहीतरी पाप केलेच असशील, हे त्याला नाना परींनी पटवू पाहतात. शेवटी देव बोलतो. ईयोबाला तो कारण सांगत नाही. मात्र त्या मित्रांना दोष देतो. नव्या करारात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून अधिक पापी होती काय, या प्रश्नालाही त्याचे उत्तर नकाराचेच आहे. असे असूनही ख्रिस्ती जगात महामारी आणि दुष्काळ यांना देवाचा दंड म्हणणारे उपदेशक शतकानुशतके झाले. ग्रंथातील नकार एका बाजूस आणि व्यासपीठावरील होकार दुसऱ्या बाजूस, अशी ही स्थिती आहे. रमाबाईंनीही पुढे स्वतःच्या आयुष्यातील घटनांत ईश्वरी योजना पाहिली. मात्र दुसऱ्याच्या दुःखाला 'तुझेच कर्म' म्हणण्याचे त्यांनी आयुष्यभर नाकारले, आणि त्यांचे वेगळेपण आम्हास येथे दिसते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातील भुकेल्या स्त्रिया व मुलींच्या हकीकती ऐकल्या, तेव्हा स्वतःच्या उपासमारीची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगचे थैमान सुरू होते. तेव्हा या सर्वांना केडगाव येथील माळरानावर हलविले. 'मुक्ती' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली वसाहत ती हीच. १८९९-१९०० च्या महादुष्काळात गुजरात व राजपुतान्याकडून आणखी शेकडो मुली आल्या आणि केडगावची लोकसंख्या एकोणीसशेच्या घरात गेली. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना उभा राहिला. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्धांसाठी प्रीतिसदन, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण अशी व्यवस्था झाली. जिची तिरडी उचलायला चौथा माणूस मिळाला नाही, त्या आईच्या मुलीने ही वसाहत उभारली होती.

दुःख ही देवाची इच्छा मानून सोसावे, असा त्यांचा पक्ष नव्हता याचा एक पुरावा १८९७ सालचा आहे. पुण्यातील सरकारी प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल होत, त्यांविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात निर्भीडपणे लिहिले. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले आणि मुंबई सरकारला त्याचा इन्कार करावा लागला. ख्रिस्ती राज्यकर्त्यांना एका ख्रिस्ती विधवेने केलेला हा सवाल होता. सहन करणे आणि सहन करायला लावणे यांतील भेद त्यांना स्पष्ट दिसत होता.

येथवर वाचकांस हे एकांगी स्तुतिपर लेखन वाटण्याचा संभव आहे. म्हणून आता दुसरी बाजू. १८९३ साली पुण्यात मोठे वादळ झाले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही असे ठरले होते; पण रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाल्याचे दिसताच न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी संस्थेशी संबंध सोडला. 'केसरी'ने कडक टीका केली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी माझा देव दार लावून पुजणार नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, निराधार मुलीला आधार देणाऱ्याचा धर्म हा तिच्या दृष्टीने सक्तीचाच धर्म होय.

आमच्या मते दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि दुष्काळाच्या काळात तर हा प्रश्न फारच बिकट होतो. भुकेल्या मुलीपुढे भाकरी आणि बायबल एकाच हाताने ठेवले, तर तिने दुसऱ्या वस्तूची निवड स्वतंत्रपणे केली असे कसे म्हणावे? 'दुःखिताजवळ कोण उभा आहे?' हा प्रश्न पहिल्या प्रश्नाहून अधिक मानवी खरा. पण जवळ उभा राहणाऱ्याला त्या दुःखितावर सत्ताही प्राप्त होते. हा तो धोका. मात्र याच इतिहासाचे एक दुसरे पान आहे, तेही वाचले पाहिजे. शारदा सदनातील गोदूबाई या विधवा विद्यार्थिनीशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विवाह केला, आणि १८९६ साली त्यांनी हिंदू विधवांसाठी स्वतंत्र आश्रमाचा प्रारंभ केला. १९०६ मध्ये महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली. आक्षेपाला खरे उत्तर हेच होते. 'तुम्ही का उभे राहिलात?' असे विचारून भागत नाही. 'आम्ही का उभे नव्हतो?' असेही विचारावे लागते. महाराष्ट्राने तो प्रश्न स्वतःला विचारला, ही त्याच्या मोठेपणाची खूण आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट निराळी होती. १८६१ साली कोकणात जन्मलेले टिळक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. या उद्गाराचा दुःखविचाराशी निकट संबंध आहे. १६२९-३० च्या दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले, थोरली पत्नी अन्नावाचून गेली; आणि पुढे त्या आपत्तींबद्दल त्यांनी देवाचे आभारच मानले. स्वतःच्या दुःखाविषयी असे बोलण्याचा अधिकार भक्ताला असतो. तो दुसऱ्याच्या दुःखाविषयी कोणालाच नसतो. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता आम्ही शिक्षकमंडळींनी वर्गावर्गांतून शिकविली आहे. शिकाऱ्याने मारलेल्या पक्षिणीचा तो विलाप आहे. तीत पक्षिणीच्या पूर्वकर्माचा उल्लेख नाही, देवाच्या गूढ योजनेचाही नाही. तीत जखम आहे, पिले आहेत आणि माणसाचे क्रौर्य आहे. मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही, त्याचे कारणही हेच असावे.

परंतु टिळकांच्या धर्मांतराने एक दुःख निर्माणही केले, आणि ते भोगले लक्ष्मीबाईंनी. पती ख्रिस्ती झाल्यावर जवळजवळ पाच वर्षे त्या विलग राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, नातलगांची कीव आणि टोमणे, लहान मुलाची काळजी : हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या चार भागांच्या आत्मचरित्रात (१९३४-३६) लिहिले आहे. आश्चर्य हे की, त्या हकीकतीत त्यांनी स्वतःस पुण्यवान म्हणवून घेतले नाही, पतीस दोषी ठरविले नाही, आणि देवाकडे खुलासाही मागितला नाही. त्या हसतात. स्वतःच्या फजितीला हसतात, टिळकांच्या विसराळूपणाला हसतात. हे हसू दुःख न कळल्याचे नव्हे. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या, तेव्हा कारण म्हणून त्यांनी पुढे केला तो माणसामाणसांतील भेदाचा विचार. सोवळेओवळे देवाने निर्मिले नाही, हे एकदा मनाने घेतले आणि बाकीची वाट सोपी झाली. टिळकांनी सुरू केलेल्या 'ख्रिस्तायन' महाकाव्याचे सुमारे साडेदहा अध्याय झाले असता १९१९ साली त्यांचे निधन झाले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले बहुतेक सर्व अध्याय रचले. शोकाचे त्यांनी काय केले, याचे उत्तर त्या अध्यायांत आहे.

हा इतिहास आम्हा माळवा-निमाडातील मराठी मंडळींना दूरचा वाटण्याचे कारण नाही. १८९९-१९०० चा तोच दुष्काळ, विक्रम संवत १९५६ वरून 'छप्पन्या काळ' म्हणून ओळखला जाणारा, आमच्याही भागाला भोवला. डहीच्या आसपासच्या डोंगराळ टापूतील भिल्ल-भिलाल्यांची त्यात दैना झाली. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ पासून इंदुरात काम आरंभिले होते. धार येथे डॉ. मार्गारेट ओहारा आणि अलीराजपूर संस्थानातील आमखुट येथे डॉ. जॉन ब्यूकॅनन यांनी रुग्णसेवा केली. केडगावी उठलेले सर्व प्रश्न, कृतज्ञतेचे आणि संशयाचे, आमच्या टापूतही उठतात. त्यांचा निवाडा घाईने करू नये, एवढेच येथे सुचवितो.

आणखी एक नाव घेतल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. धारपासून फार लांब नसलेल्या महू येथे १८९१ साली जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुःखाच्या प्रश्नाला तिसरे उत्तर दिले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य स्पष्ट करणे नाकारले. कारण मग समाजाची जबाबदारीच उरत नाही. ईश्वर मानणाऱ्या रमाबाई आणि न मानणारे आंबेडकर यांच्यात अंतर पुष्कळ आहे. पण दुःखिताला त्याच्या दुःखाबद्दल अपराधी ठरवायचे नाही, या ठिकाणी दोघेही एकत्र उभे आहेत. आधुनिक मराठी विचाराची ही एक मोठी कमाई आहे असे आम्ही समजतो. ती कोणा एका धर्माची मिरास नव्हे.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षाकडे पाहून हे विवेचन संपवू. त्यांच्या कार्याची वारस ठरलेली एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. श्रद्धेच्या मोबदल्यात दुःखमुक्ती मिळत असती, तर निदान हे दुःख तरी त्यांना चुकावयास हवे होते. ते चुकले नाही. अनंतशास्त्र्यांच्या जपाने जसा दुष्काळ टळला नाही, तसा त्यांच्या मुलीच्या प्रार्थनेने हा मृत्यूही टळला नाही. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही श्रद्धा सारख्याच निष्फळ ठरल्या. परंतु मुक्तीतील रमाबाई हिशेब मांडीत नव्हत्या. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सामान्य बायकांना कळेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम त्यांनी अनेक वर्षांपूर्वी हाती घेतले होते. मुलीच्या पश्चात त्या पुन्हा त्याच कामाला बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. ते भाषांतर १९२४ साली केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणाऱ्यांत दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या.

दुःखाचे कोडे येथे सुटले काय? नाही. विद्यार्थ्याने वर्गात विचारले, तर आम्ही शिक्षकांनीही ते सुटले आहे असे सांगू नये. मात्र त्याला हा इतिहास जरूर सांगावा, आणि ईयोबाच्या मित्रांनी पहिल्या सात दिवसांत जे केले त्याचे मोल पुढच्या त्यांच्या सर्व भाषणांहून अधिक होते, हेही सांगावे.